आधी पट्टा, मग जॅकेट

१८ नोव्हेंबर २०१७. केप टाउनहून फ्रीमँटलकडे निघालेली क्लिपर शर्यतीतली एक यॉट दक्षिण महासागराच्या खवळलेल्या पाण्यातून धावत होती. साठ वर्षांचा एक ब्रिटिश खलाशी नाळेजवळ पुढच्या शिडाच्या कामाला भिडला होता. अंगात लाइफजॅकेट, त्याला जोडलेला हार्नेस, हार्नेसला पट्टा, पट्ट्याचं दुसरं टोक बोटीला अडकवलेलं. नियमात सांगितलेलं सगळं त्याने केलं होतं. तो कठड्याबाहेर फेकला गेला तेव्हा पट्ट्याने त्याला धरलंही. पण थोड्याच वेळात पट्ट्याच्या टोकाची कडी वाकली, उघडली आणि तो बोटीपासून सुटला. सहकाऱ्यांनी बोट वळवून, शोधून, अर्ध्या तासानंतर त्याला वर घेतलं. तोवर फार उशीर झाला होता.

ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने जानेवारी २०१८मध्ये तातडीचं पत्रक काढलं. शिडाच्या बोटीवर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाने ते वाचायला हवं. त्या कडीची बनावट चांगली होती आणि ती आंतरराष्ट्रीय मानकातही बसत होती. मात्र ती डेकवरच्या एका क्लीटखाली, म्हणजे दोर गुंडाळून बांधायच्या खुंटीखाली अडकली आणि माणसाचा सगळा भार तिच्यावर सरळ रेषेत न येता आडवा आला. मानकाच्या चाचणीत कडी सरळ ओढून पाहतात. आडवी ओढली, तर त्याहून कितीतरी कमी जोराला ती वाकते.

ही क्लिपर शर्यत सुरू करणारे सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांचं मुंबईशी जुनं नातं आहे. १९६८-६९मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणजे तेच, आणि ज्या ‘सुहेली’तून त्यांनी ती केली ती सागवानी बोट मुंबईत बांधलेली. समुद्राचा एवढा अनुभव पाठीशी असलेल्या शर्यतीतही एका कडीपायी माणूस जातो. त्यामुळे कोणती कडी, किती लांब पट्टा आणि तो अडकवायचा कुठे, हे प्रश्न हौशी लोकांनी दुकानदारावर सोडून चालणार नाही.

आपल्याकडे समुद्रावरच्या सुरक्षिततेची चर्चा लाइफजॅकेटपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली, पंधरा जीव गेले आणि त्यानंतर मुंबईच्या बंदरात प्रवाशांच्या अंगावर नारिंगी जॅकेटं सक्तीची झाली. प्रवासी बोटीसाठी ते योग्यच आहे. ते आधीच व्हायला हवं होतं. पण शिडाच्या बोटीवर काम करणाऱ्या माणसाची गोष्ट निराळी असते. तो बाकावर बसून राहत नाही. तिरप्या, ओल्या, हलत्या डेकवर त्याला पुढे-मागे जावं लागतं, दोन्ही हातांनी दोर ओढावा लागतो, डोलकाठीपाशी उभं राहावं लागतं. त्याला पाण्यावर तरंगत ठेवणाऱ्या वस्तूआधी बोटीवर ठेवणारी वस्तू हवी. दुकानात मात्र जॅकेटं दर्शनी भागात टांगलेली असतात आणि पट्टा कोपऱ्यातल्या खोक्यात पडलेला असतो. खरेदीही त्याच क्रमाने होते. हा क्रम उलटा व्हायला हवा.

याचं कारण साध्या गणितात आहे. सहा नॉट हा मध्यम आकाराच्या यॉटचा नेहमीचा वेग. त्या वेगाने बोट सेकंदाला तीन मीटरहून थोडी जास्त, म्हणजे मिनिटाला सुमारे १८५ मीटर पुढे जाते. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनच्या पान झानलेने शंभर मीटर पोहण्याचा विश्वविक्रम केला तो ४६.४० सेकंदांचा. सेकंदाला दोन मीटरहून किंचित जास्त. जगातला सर्वांत वेगवान जलतरणपटू, तलावाच्या शांत पाण्यात, जेमतेम पाऊण मिनिट टिकणाऱ्या वेगातही त्या बोटीला गाठू शकणार नाही. ‘मला उत्तम पोहता येतं’ असं सांगून पट्टा नाकारणारी माणसं कोकणात, गोव्यात सगळीकडे भेटतात. त्यांच्या पोहण्याविषयी शंका नाही. बोट निघून जाते, एवढंच त्यांनी ध्यानात घ्यावं. दोन मिनिटांत ती साडेतीनशे मीटर लांब गेलेली असते आणि मीटरभर उंचीच्या लाटांमध्ये माणसाचं डोकं तरंगत्या नारळाएवढं दिसतं. तेही लाटेच्या माथ्यावर आलं तर. शिडं फुगलेली असतील, तर बोट लगेच मागे फिरवता येत नाही. शिडं आवरायची, वाऱ्याचा कोन बदलायचा, दोर मोकळे करायचे, आणि हे सगळं डेकवर एक माणूस कमी झालेला असताना.

नाव कमावलेली माणसंही यातून सुटली नाहीत. फ्रान्समध्ये एरिक ताबार्ली यांचं स्थान राष्ट्रीय वीराचं. १९६४ आणि १९७६ अशा दोन वेळा त्यांनी अटलांटिक पार करण्याची एकट्याची शर्यत जिंकली. त्यांच्यामुळे शिडाच्या बोटी फ्रान्सच्या घराघरात पोहोचल्या. १९९८च्या जूनमध्ये, बारा तारखेच्या रात्री, वेल्सच्या किनाऱ्यापासून दूर आयरिश समुद्रात त्यांच्या शंभर वर्षं जुन्या ‘पेन दुइक’वर शीड बदलत असताना शिडाची वरची तिरपी काठी त्यांना लागली आणि ते पाण्यात गेले. अंगात लाइफजॅकेट नव्हतं, हार्नेसही नव्हता. हार्नेस त्यांना कधीच आवडला नव्हता. एका मच्छीमार बोटीच्या जाळ्यात त्यांचा मृतदेह सापडला तो पुढच्या महिन्यात. वय ६६.

ताबार्ली जुन्या पिढीचे म्हणून सोडून द्यावं, तर नव्या पिढीचीही उदाहरणं आहेत. १८ मे २००६ रोजी व्हॉल्वो ओशन रेसमध्ये उत्तर अटलांटिकवर ‘एबीएन आम्रो टू’च्या डेकवरून हान्स होरेव्हूट्स हा ३२ वर्षांचा डच खलाशी लाटेबरोबर वाहून गेला. त्या क्षणी तो बोटीला जोडलेला नव्हता. सहकाऱ्यांनी त्याला पाण्यातून काढलं, पण वाचवता आलं नाही. २६ मार्च २०१८ रोजी त्याच शर्यतीत, केप हॉर्नच्या पश्चिमेला सुमारे १४०० सागरी मैलांवर, ‘स्कॅलीवॅग’वरचा जॉन फिशर पुढे दोर आवरायला जायला उठला आणि त्यासाठी त्याने पट्टा काढला. तेवढ्यात बोट अनपेक्षितपणे जाइब झाली. वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूला गेला, मुख्य शिडाचे दोर झपाट्याने आडवे आले आणि त्यांनी त्याला समुद्रात फेकलं. तो सापडलाच नाही. त्याच्या अंगावर लाइफजॅकेट होतं, थंड पाण्यासाठीचा खास पोशाख होता, हातमोजे होते. नव्हता तो फक्त पट्टा, आणि तोही काही सेकंदांपुरता.

पट्टा काढण्याचे आणि दुसरीकडे लावण्याचे हे मधले सेकंदच घातक असतात. दुकानात मिळणारा साधा पट्टा दोन टोकांचा: एक टोक छातीला, दुसरं बोटीला. पुढे सरकायचं म्हटलं की बोटीकडचं टोक सोडावंच लागतं. तीन कड्यांचा पट्टा मात्र छातीपासून दोन फाट्यांत जातो, एक साधारण मीटरभर, दुसरा दोन मीटर. पुढची कडी लावल्याशिवाय मागची काढायचीच नाही, ही सवय त्याच्यामुळे शक्य होते. दोरांच्या जंजाळातून किंवा डोलकाठीला वळसा घालून जाताना माणूस क्षणभरही मोकळा राहत नाही. किमतीतला फरक फारसा नसतो. म्हणूनच दोन कड्यांचा पट्टा नव्याने विकत घेणं हा चुकीचा निर्णय आहे, मग तो कितीही नावाजलेल्या कंपनीचा असो.

आखूड फाट्याचं महत्त्व तर त्याहून मोठं. २०११च्या जूनमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, सेल्सी बिलपासून सुमारे पंधरा मैलांवर, ‘लायन’ नावाच्या यॉटचा कप्तान कठड्यावरून पाण्यात गेला. तो बोटीला जोडलेला होता. पट्ट्याने त्याला जाऊ दिलं नाही, पण लांब पट्ट्यामुळे तो बोटीच्या बाजूला पाण्यात लोंबकळत ओढला गेला. बोट थांबवून त्याला वर घेईपर्यंत तो बुडाला होता. चालत्या बोटीच्या कुशीला बांधलेल्या माणसाच्या नाकातोंडात पाणी सतत घुसत राहतं. लाइफजॅकेट फुगलं तरी त्यात फारसा फरक पडत नाही, कारण जॅकेट तरंगण्यासाठी बनवलेलं असतं, ओढलं जाण्यासाठी नव्हे. दोन मीटरचा पट्टा माणसाला कठड्यापलीकडे पोहोचू देतो. एक मीटरचा, योग्य जागी अडकवला तर, पोहोचू देत नाही. समुद्री शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत बोटीवरच्या किमान तीस टक्के लोकांकडे मीटरभराचा पट्टा किंवा मध्ये जादा कडी असलेला पट्टा हवा, अशी अट घातली गेली. तीस टक्के कशासाठी? लाट काही टक्केवारी पाहून येत नाही. आखूड फाटा प्रत्येकाकडे हवा आणि तोच आधी वापरला जायला हवा. लांब फाटा पुढे सरकण्यापुरता.

योग्य जागी अडकवणं म्हणजे काय, हा प्रश्न दुकानात सुटत नाही, बोटीवरच सुटतो. नाळेपासून पिछाडीपर्यंत डेकवर एक भक्कम पट्टी ताणून बांधतात, तिला जॅकलाइन म्हणतात. तिच्यात कडी अडकवून माणूस पुढे-मागे फिरू शकतो. बहुतेक बोटींवर ती दोन्ही बाजूंना, कठड्याशेजारून बांधलेली दिसते, कारण तिथे ती बांधायला सोपी जाते. ती जितकी बोटीच्या मध्यरेषेजवळ, तितका पट्टा माणसाला कठड्याच्या आत ठेवतो. पिछाडीच्या बरीच अलीकडे ती संपली पाहिजे, नाहीतर पडलेला माणूस बोटीमागे फरफटत जाईल. पोलादी तार पायाखाली गोल फिरते आणि घसरवते. चपटी विणलेली पट्टी बरी. पण उन्हाने ही पट्टी आतून कुजते. महाराष्ट्रातल्या उन्हात वर्षभर डेकवर राहिलेली जॅकलाइन वरून धड दिसली, तरी तिच्यावर जीव टांगू नये. बंदरात परतल्यावर ती काढून खोलीत ठेवायला पाच मिनिटं लागतात. आणि कॉकपिटमध्ये, पायऱ्या चढून वर येताच हाताला लागेल असा एक पक्का कडा हवा, म्हणजे खालून वर येणारा माणूस डेकवर पाऊल ठेवण्याआधीच जोडला जाईल.

कठड्याच्या तारांवर मात्र भरवसा ठेवू नये. मोठ्या यॉटसाठी त्यांची किमान उंची ६०० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट ठरलेली आहे. ती प्रौढ माणसाच्या गुडघ्याच्या थोडी वर येते. तिथे तार लागली तर तोल सावरण्याऐवजी माणूस तिच्यावरून उलटण्याचीच शक्यता जास्त. या तारेत पट्ट्याची कडी अडकवणारे लोक मुंबईच्या बंदरातही दिसतात. त्यांना प्रत्येक वेळी थांबवलं पाहिजे.

ताबार्ली आणि फिशर या दोघांच्या बाबतीत एक गोष्ट सारखी आहे, आणि सुरक्षा-साधनांच्या यादीत ती क्वचितच येते. त्यांना आधी शिडाच्या काठीचा किंवा दोरांचा तडाखा बसला. मुख्य शिडाच्या तळाशी असलेली आडवी काठी, म्हणजे बूम, वारा पाठीमागून असताना अचानक एका बाजूकडून दुसरीकडे फिरते तेव्हा तिच्या वाटेत येणाऱ्याला ती आणि तिचे दोर क्षणात उडवतात. ती फिरू नये म्हणून पुढच्या बाजूला दोराने बांधून ठेवतात. या दोराला प्रिव्हेंटर म्हणतात. काही मीटर चांगला दोर, दोन कप्प्या आणि बांधण्याची शिस्त, एवढाच त्याचा खर्च. अंगावर घालायची वस्तू नसल्यामुळे ‘सेफ्टी गिअर’च्या जाहिरातीत तो दिसत नाही, पण बोटीवरून पडणं टाळणाऱ्या साधनांत त्याचा क्रमांक फार वर आहे. न घसरणाऱ्या तळव्याचे बूट आणि डेकवरची खरखरीत पट्टी यांनाही त्याच रांगेत बसवायला हवं.

हार्नेस अंगाला नीट बसतो की नाही, याकडेही खरेदीच्या वेळी फार थोडे जण लक्ष देतात. १९९८च्या डिसेंबरमधली सिडनी-होबार्ट शर्यत सहा जणांचा जीव घेणाऱ्या वादळासाठी ओळखली जाते. त्यात ‘किंगुरा’ या बोटीवरचा एक अमेरिकन खलाशी पाण्यात लोंबकळत असताना सहकारी त्याला वर ओढत होते, आणि ओढता ओढता हार्नेस त्याच्या डोक्यावरून निसटून वर आला. माणूस खालच्या खाली सुटला. पोलिसांच्या हेलिकॉप्टरने त्याला पाण्यातून उचललं म्हणून तो वाचला. त्याच शर्यतीत ‘सोर्ड ऑफ ओरायन’वरचा ब्रिटिश ऑलिंपिकपटू ग्लिन चार्ल्स हार्नेस तुटून वाहून गेला आणि परत मिळाला नाही. त्याआधी १९७९च्या फास्टनेट शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या होत्या, पूर्ण करू शकल्या ८५, आणि पंधरा स्पर्धक दगावले. हार्नेस आणि त्यांचे जोड तुटण्याचा मुद्दा त्या चौकशीतही ठळकपणे पुढे आला. म्हणून छातीचा पट्टा सैल ठेवू नये, आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा, ज्याला लोक अवघडल्यासारखं होतं म्हणून काढून फेकतात, तो हार्नेसमध्ये आणि लाइफजॅकेटमध्येही असायलाच हवा. तो नसेल तर फुगलेलं जॅकेट पाण्यात वर सरकून कानाशी येतं आणि तोंड पाण्याखाली जातं. चांगल्या पट्ट्यांत एका जागी रंगीत शिवण दुमडून ठेवलेली असते. मोठा झटका बसला की ती उसवते आणि आतला रंग दिसतो. तो दिसला की पट्टा फेकून द्यायचा, दुरुस्त करायचा नाही.

पट्टा कधी माणसाला अडकवूनही ठेवतो, हे लपवण्यात अर्थ नाही. उलटलेल्या बोटीखाली जोडलेल्या माणसाला स्वतःला सोडवता आलं पाहिजे. त्यासाठी छातीकडच्या टोकाला ताणाखालीही उघडणारी कडी आणि हाताशी एक बोथट टोकाची सुरी हवी. ९ मे २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत अमेरिका चषकाच्या सरावात ‘आर्टेमिस’ ही दुहेरी कायेची वेगवान बोट उलटली आणि ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता अँड्रू सिम्पसन तिच्याखाली अडकून मरण पावला. उलटण्याचा धोका जिथे नेहमीचा असतो, त्या छोट्या डिंगी बोटींवर म्हणूनच पट्टा वापरत नाहीत. खडकवासल्याच्या पाण्यात एनडीएच्या पीकॉक बेवर किंवा मुंबईच्या बंदरात ऑप्टिमिस्ट डिंगी चालवायला शिकणाऱ्या मुलाला अंगाबरोबर घट्ट बसणारं ५० न्यूटन तरंगशक्तीचं फोमचं जॅकेट पुरतं. उलटणं आणि सरळ करणं हा त्याच्या शिकण्याचाच भाग असतो आणि सुरक्षा-बोट शेजारीच असते. पट्ट्याचा आग्रह आहे तो किनारा सोडून जाणाऱ्या, वजनदार तळाच्या, रात्रीही चालणाऱ्या बोटींसाठी.

लाइफजॅकेटचा विचार त्यानंतर. त्याची ताकद न्यूटनमध्ये सांगतात. दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलो वजन उचलणं. १५० न्यूटनचं जॅकेट बेशुद्ध माणसाला पाठीवर वळवून तोंड वर ठेवण्यासाठी असतं, आणि खुल्या समुद्रासाठी तेच घ्यावं. जाड फोमचं जॅकेट मुंबईच्या मे महिन्यात कुणी अंगात ठेवत नाही, ते कॉकपिटच्या बाकाखाली जातं. म्हणून आपल्या हवेला फुगणारं, हार्नेससह शिवलेलं, मानेवर हलकं बसणारं जॅकेट योग्य. पण त्याच हवेने आणखी एक अडचण उभी केली आहे. स्वस्त स्वयंचलित जॅकेटांमध्ये पाणी लागताच विरघळणारी गोळी असते. कोकणच्या दमट, खारट हवेत ती हळूहळू मऊ पडते आणि एखाद्या पहाटे, कुणीही पाण्यात न पडता, जॅकेट कपाटातच फुगतं. असं दोनदा झालं की मालक ती गोळी काढून टाकतो, आणि मग पडल्यावरही जॅकेट फुगत नाही. पाण्याच्या दाबावर उघडणारी, साधारण दहा सेंटिमीटर खोलीवर काम करणारी यंत्रणा महाग असते, पण पावसाने किंवा तुषारांनी ती चालत नाही. आपल्या किनाऱ्यावर तीच घ्यावी. वर्षातून एकदा वायूची नळी काढून गंज पाहावा, वजन करून नळीवर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहावं, आणि जॅकेट तोंडाने फुगवून एक दिवस तसंच ठेवून हवा उतरते का ते पाहावं. दिवा आणि शिट्टी हवीच. चेहऱ्यावर ओढायचं पारदर्शक आच्छादनही हवं, कारण लाटांच्या तुषारांनीही माणूस गुदमरतो.

उत्तर अटलांटिकमध्ये पडलेल्या माणसाला थंडी मारते. पहिल्या मिनिटातच श्वास आवरत नाही, दहा मिनिटांत बोटं चालेनाशी होतात. अरबी समुद्राचं पाणी वर्षभर कोमट असतं. इथे पडलेला माणूस जॅकेट असेल तर कित्येक तास जिवंत राहू शकतो. म्हणजेच शोधायला वेळ असतो, फक्त तो कुठे आहे हे कळायला हवं. जॅकेटला जोडायचं छोटं एआयएस यंत्र पडलेल्याची जागा स्वतःच्याच बोटीच्या पडद्यावर आणि आसपासच्या जहाजांना दाखवतं. ४०६ मेगाहर्ट्झचं वैयक्तिक बीकन उपग्रहांमार्फत बचावयंत्रणेला कळवतं, आणि भारतात त्यासाठीचं नियंत्रण केंद्र बंगळुरूला आहे. पहिल्या तासात कामाला येणारी सर्वांत जवळची मदत म्हणजे माणूस ज्या बोटीवरून पडला ती बोटच, म्हणून दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर एआयएस. २०१४च्या मार्चअखेर प्रशांत महासागरात क्लिपर शर्यतीतलाच एक खलाशी वादळी पाण्यात पडला आणि दीड तासाहून जास्त काळ पाण्यात राहूनही जिवंत सापडला, त्यात अंगातला ड्रायसूट आणि या यंत्राचा मोठा वाटा होता. तोही पुढचं शीड बदलताना क्षणभर पट्टा सोडून बसला होता.

हे सगळं आपल्यासाठी परकं राहिलेलं नाही. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१०मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती करणारे ते पहिले भारतीय. अभिलाष टॉमी यांनी त्याच बोटीतून २०१२-१३मध्ये कुठेही न थांबता ती केली. २०१७-१८मध्ये ‘तारिणी’वरून नौदलाच्या सहा महिला अधिकारी जग फिरून आल्या आणि २०२४-२५मध्ये त्याच बोटीवर दिलना के. आणि रूपा ए. अशा दोघीच गेल्या. एकटा माणूस पडला तर स्वयंचलित सुकाणूवरची बोट त्याला सोडून शेकडो मैल जाते, आणि दोघांपैकी एक झोपलेला असेल तर परिस्थिती फार निराळी नसते. अशा सफरींत बोटीला जोडलेलं राहण्यावरच सगळं अवलंबून असतं. ही समज गोव्यात, नौदलाच्या सागरी नौकानयन प्रशिक्षणात आहे. ती मुंबईतल्या आणि गोव्यातल्या भाड्याच्या यॉटवर, सूर्यास्ताच्या सफरी करणाऱ्या बोटींवर आणि नव्याने बोटी घेणाऱ्या हौशी मंडळींकडे पोहोचलेली नाही. क्लबांनी आपल्या अनुभवी खलाशांना हे शिकवायला बसवावं, आणि रात्रीच्या किंवा बंदराबाहेरच्या प्रत्येक सफरीत पट्टा लावणं कप्तानाच्या मर्जीवर न सोडता क्लबचा नियम करावा.

आणि या विचाराची सर्वांत जास्त गरज ज्यांना आहे ते तर क्लबमध्ये जात नाहीत. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून ससून डॉकपर्यंतच्या मच्छीमार बोटींवर खलाशी रात्री जाळं ओढताना, वाकून दोर सोडवताना, नैसर्गिक विधीसाठी कठड्याशी उभे असताना पडतात. सोबत्यांना पहाटेपर्यंत कळतही नाही. त्यांतले कित्येक खलाशी नेपाळहून आलेले असतात, समुद्र त्यांनी इथेच पहिल्यांदा पाहिलेला असतो. ब्रिटनने २०१८च्या नोव्हेंबरपासून मच्छीमारांना उघड्या डेकवर तरंगण्याचं साधन अंगावर घालणं बंधनकारक केलं. पडण्याचा धोकाच उरू नये अशी व्यवस्था बोटीवर असल्याचं दाखवलं तरच त्यातून सूट. या दुसऱ्या अटीत मोठी सोय आहे. आपल्या बोटींनाही ती लागू पडेल. जाळं ओढताना लांब पट्टा जाळ्यात गुंतून माणसाला ओढून नेऊ शकतो, त्यामुळे यॉटची पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण रात्री पिछाडीला जाणाऱ्यासाठी केबिनपासून पिछाडीपर्यंत एक पट्टी, मीटरभराचा एक सामाईक पट्टा केबिनच्या दाराशी टांगलेला, आणि कठडा कमरेइतका उंच, एवढं प्रत्येक बोटीवर होऊ शकतं.

पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात या बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, सुतार आणि वेल्डर तिथेच काम करत असतात. कडे बसवायचे, कठड्याचे खांब वाढवायचे तर तोच काळ. मत्स्यव्यवसाय विभागाने हंगामाच्या परवान्याआधीच्या तपासणीत जॅकेटांची संख्या मोजण्याबरोबर पट्टी, सामाईक पट्टा आणि कठडा ही तीन कामंही पाहावीत, आणि ज्या तांडेलाने ती केली असतील त्याला खर्चाचा काही भाग सरकारी अनुदानातून परत द्यावा. तपासणी मात्र दिवसा धक्क्यावर न करता एकदा रात्री, दिवे मालवून, डेक ओलं करून करावी. खलाशाला अंधारात केबिनच्या दाराशी पट्टा सापडतो का आणि तो लावून पिछाडीपर्यंत जाता येतं का, हे त्यातच कळेल.